ऑफिसचं जुनं नाव

काही सुचेनासं झालं की सरकार नाव बदलतं. ऑपरेटरबाई टेलिफोनवर बसायला लागल्या तेव्हा कार्यालय होतं ‘शिक्षण संशोधन केंद्र’. एका श्वासात मावायचं. मग त्याची परिषद झाली, मग आणखी एक खातं त्यात कोंबून संचालनालय, आणि आता ‘शैक्षणिक गुणवत्ता, नवोपक्रम व मूल्यमापन प्राधिकरण’. फोन उचलला की आधी हे सगळं म्हणायचं, मग नमस्कार. तोवर समोरचा वैतागून ठेवून द्यायचा. पाटी नवी, शिक्के नवे. साहेबांच्या डोक्यावरचा पंखा मात्र तोच, कुरकुरणारा.

बाकीच्यांचं ठीक होतं, ते हसून घ्यायचे. बाईंचा जीव त्या नावात अडकला होता. त्यांचे वडील, अण्णा, इथूनच हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. म्हातारपणी त्यांना माणसं आठवेनाशी झाली, ऑफिस तेवढं राहिलं. दिवसभर शेजारीण लक्ष ठेवायची. दुपारचं जेवण झालं की अण्णा घरच्या फोनचं सगळ्यात वरचं, ऑफिसला लागणारं बटण दाबायचे आणि विचारायचे, “माझा रजेचा अर्ज वर गेला का?” गेला म्हटलं की निवांत झोपायचे.

केंद्राची परिषद झाली त्या दिवशी बाईंनी नियमाप्रमाणे नवं नाव घेतलं. “राँग नंबर!” म्हणून अण्णांनी फोन आपटला आणि शेजारणीची नजर चुकवून, अनवाणी, ऑफिस शोधायला निघाले. संध्याकाळी बसस्टँडवर सापडले. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तेव्हापासून घरचा नंबर दिसला की त्या जुनंच नाव घ्यायच्या. नियम गेला खड्ड्यात.

प्राधिकरणाने मग बाईंचं पदच रद्द केलं. उपसंचालक गोड आवाजात म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नका. आता मशीन बोलेल. पुन्हा नाव बदललं तर नुसतं रेकॉर्डिंग बदलायचं.”

“आणि मी?”

“तुम्ही घरी आराम करा की!”

आराम म्हणे! बाईंना संताप आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. मशीनचा आवाज ऐकला की अण्णा पुन्हा रस्त्यावर. घरी आल्या आल्या त्यांनी वरच्या बटणाला आपल्या मोबाइलचा नंबर जोडला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अण्णांना गरम गरम वाढलं. “भाजी छान झालीय हो, बाई,” अण्णा परक्याशी बोलावं तसं म्हणाले. हात धुऊन ते फोनकडे वळले. बाई मोबाइल घेऊन न्हाणीघरात शिरल्या आणि दार लावून घेतलं.

“शिक्षण संशोधन केंद्र, नमस्कार.”

“अर्जाचं राहू द्या आज. माझी मुलगी तुमच्याकडे टेलिफोनवर बसते. तिला जरा लवकर सोडाल का? इथे एक बाई असतात, मायेने करतात सगळं. पण पोर जवळ असली की बरं वाटतं.”

बाईंना रडू फुटलं. तोंडावर हात दाबून त्यांनी ते गिळलं.

“सोडते, साहेब.”

त्या बाहेर आल्या तेव्हा अण्णा दाराकडे तोंड करून बसले होते. त्यांना बघून म्हणाले, “बाई, आमची मुलगी येतेय. तिच्यासाठी चार घास ठेवा हं.”

बाईंनी ठेवले.