कोहळ्याचा पहिला घाव

लग्न होऊन साताऱ्याकडून खमरियाला, दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरात आले, तेव्हा सातवीत सुटलेली शाळा एवढंच माझं शिक्षण. दुसऱ्या सकाळी परसात गेले आणि हातातला तांब्या सुटला. सासूबाई तलवारीनं चुलीचं जळण छाटत होत्या. खरीखुरी तलवार! पात्यावर इंग्रजांचा मुकुट कोरलेला, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. आमच्याकडे तलवार दसऱ्याला देवापुढे ठेवत, बायकांनी हातही लावायचा नाही.

"काहून भिऊन राहिली? जुन्या गोऱ्या फौजेची आहे. तुझ्या सासऱ्यांनी भंगारात कबाड्याकडून आणलेली. कोयत्याहून बरी चालते."

त्याच हिवाळ्यात लढाई लागली. खिडक्यांना काळे कागद लागले, हे कारखान्यात दुहेरी पाळी करू लागले. नोकरी अजून कच्चीच होती. एक दिवस ओरडा झाला, पहारेकरी घरोघर झडती घेताहेत. मागच्या ओळीत कुणाकडे कारखान्याचं पितळ सापडलं, त्याला घरी बसवलंय. सासूबाई नळावर होत्या. बाप नसलेल्या पोरीला या घरानं काही न मागता पदरात घेतलं होतं. आता यांची नोकरी जाणार, घर उठणार, असंच मला वाटलं. मी तलवार उचलली, लग्नाच्या शालूत गुंडाळली आणि वळकटीत खुपसली.

पहारेकऱ्यानं आल्या आल्या वळकटीच सोडली.

तलवार खणकन फरशीवर पडली. तेवढ्यात सासूबाई हंडा घेऊन दारात.

"ये क्या है, माताजी?"

"लकडी काटने की है, भैया."

"लकडी काटने की चीज कोई शादी की साडी में रखता है? लडका किस सेक्शन में है?"

सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खाटेखालचं भलंमोठं कोहळं ओढून त्याच्यापुढे ठेवलं आणि तलवार सरळ त्याच्याच हातात दिली! मला वाटलं, यांचं डोकं फिरलं.

"घर में आदमी नहीं है. पहला घाव तो आदमी ही मारता है ना? मारो. खुद देख लो, किस काम की है."

अख्ख्या कोहळ्यावर बाईनं पहिला घाव घालू नये, हे त्याच्या घरीही पाळत असणार. तो घुटमळला, मग उकिडवा बसला. वार केला, तर पातं अर्ध्यातच अडकलं.

"अरे जोर से! ऐसे लडोगे तो हो गयी लडाई."

दारातला दुसरा शिपाई खो खो हसला.

कोहळं फुटलं. पहारेकऱ्यानं पात्यावरून अंगठा फिरवला. टोक तुटलेलं, धार दगडावर घासून घासून वाकडी झालेली, मुठीपाशी जळणाचा काळा चीक. तलवार चुलीशी टेकवून तो म्हणाला, "बहू, छुपाया मत करो. इसी में आदमी मारा जाता है." आणि शेजारचं दार वाजवायला गेला.

मी फरशीवरचा शालू गोळा केला. सासूबाई मला रागावल्या नाहीत, यांनाही कधी कळू दिलं नाही.

"शालूला गंज लागला असंल, भिजत घाल," एवढंच म्हणाल्या आणि कोहळ्याच्या बिया काढायला बसल्या.