ऑर्लोची पुढची खोली

साखरेच्या बीटचा हंगाम संपला की आमचा ट्रेलरांचा तळ रिकामा होतो. ऑक्टोबरभर साखर कारखान्यावर राबायला आलेले लोक आपापली चाकांवरची घरं गाड्यांना जोडतात आणि ऊन शोधत दक्षिणेकडे निघून जातात. मग रेड नदीच्या या सपाट खोऱ्यात साठ जागांपैकी पाच-सहा जागांवरच दिवे दिसतात. मी इथली व्यवस्था पाहते. कपडे धुण्याची खोली, पाण्याचे नळ, रस्त्यावरचा बर्फ आणि जे मागे राहतात त्यांची भांडणं. अकरा हिवाळे झाले. माझं नाव लाव्हॉन. जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही.

बेचाळीस नंबरच्या जागेवर ऑर्लो थॉर्सगार्ड राहतो. वय चौऱ्याहत्तर, हात फावड्याएवढे, बोलणं मोजकं. चाळीस वर्षं त्याने फार्गो शहरातल्या लोकांची घरं गरम केली. तळघरात भट्टी बसवायची, पत्रा कापून आणि वाकवून गरम हवेचे पाइप करायचे, ते खोल्याखोल्यांतून खेळवायचे, हा त्याचा धंदा. ज्या घरात त्याने काम केलं तिथे पोरं जानेवारीत अनवाणी फिरायची, असं तो सांगतो, आणि फुशारकी मारणाऱ्यांतला तो नाही.

निवृत्त झाल्यावर त्याने आणि त्याच्या बायकोने, आर्डिसने, घर विकून तीस फुटी ट्रेलर घेतला. दोन वर्षं दोघं देशभर हिंडली. मग आर्डिसचे गुडघे गेले आणि ती दोघं इथे येऊन टेकली.

या ट्रेलरांची भट्टी असते मागे, स्वयंपाकघराशेजारी, आणि झोपायची खोली अगदी पुढे. फरशीखालून दंडाएवढा जाड, सुरकुत्यांचा मऊ पाइप पुढे जातो. वाटेत तो तीनदा मुरडतो, दोनदा चेपतो, सांध्यातून गळतो. त्यामुळे स्वयंपाकघरात नुसत्या सदऱ्यावर घाम फुटतो आणि पुढच्या खोलीत तोंडातून वाफ निघते. ज्या माणसाने शेकडो घरं उबदार केली, त्याच्याच बायकोने चार हिवाळे कानटोपी घालून झोपावं, हे मला तेव्हाही खटकायचं.

पण आर्डिसने कधी तक्रार केली नाही. आमच्याकडे थंडी वाजते असं कोणी म्हणतच नाही. फॅरनहाइटचा पारा शून्याखाली तीस असताना शेजारी भेटला तरी म्हणायचं, "फार वाईट नाही." आर्डिस तर त्यात पटाईत होती. मी विचारलं की हीच दोन वाक्यं. "फार वाईट नाही गं. ऑर्लो वसंतात बघणार आहे." ऑर्लोला विचारलं तर तो हसायचा. "चाळीस वर्षं पाइपांचंच तोंड पाहिलंय, लाव्हॉन. जरा श्वास घेऊ दे की." तीन वसंत आले आणि गेले. तिसऱ्यानंतरच्या फेब्रुवारीत न्यूमोनियाने आर्डिस गेली.

डॉक्टरांनी वय सांगितलं, फुप्फुसं सांगितली, हृदय सांगितलं. खोलीचं नाव कोणी काढलं नाही. मुलगी जोलीन मिनियापोलिसहून आली होती, तिनेही काढलं नाही. ती फक्त त्यानंतर चार वर्षं आली नाही. दर रविवारी फोन करायची. दोघं हवामानावर बोलायची आणि फोन ठेवायची. ऑर्लो पुढच्या खोलीचं दार लावून मागच्या बाकड्यावर झोपायला लागला.

गेल्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो कपडे धुण्याच्या खोलीत आला. हातात कपडे नव्हते.

"जोलीन येतेय," तो म्हणाला. "थँक्सगिव्हिंगला."

"अरे वा! किती दिवस?"

"एक रात्र. मोटेलात उतरते म्हणाली. म्हणाली, ती खोली गार असते, डॅड."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, मोटेल घेऊ नकोस. या वेळी खोली गरम असेल." त्याने टोपी काढली, परत घातली. "एक रात्र तिने माझ्या छपराखाली झोपावं, लाव्हॉन. बस्स. झोपली की मला कळेल."

काय कळेल, हे मी विचारलं नाही. आईच्या जाण्याबद्दल पोरीने आपल्याला माफ केलंय की नाही, याच तळमळीत तो चार वर्षं होता.

दुसऱ्या दिवसापासून त्याने हत्यारं काढली. थंडी अडवायला ट्रेलरभोवती आम्ही फोमच्या पाट्या आणि गवताचे भारे लावतो. त्यातल्या दोन पाट्या सरकवून तो पोटावर सरपटत आत शिरला. ट्रेलरच्या पोटाला काळं प्लॅस्टिक असतं, ते कापलं आणि तो मऊ पाइप ओढून बाहेर फेकला. मग त्याने पत्र्याचे पाइप वळायला घेतले. आमच्या शेडमध्ये बसून तो पत्रा ठोकायचा आणि तो आवाज रिकाम्या तळावर लांबपर्यंत ऐकू यायचा. खरं सांगते, मला तो आवाज आवडायचा. हिवाळ्यात इथे वाऱ्याशिवाय दुसरं काही कानावर पडत नाही.

पाचव्या की सहाव्या दिवशी मी बर्फ ढकलत जात होते. त्याचे पाय ट्रेलरखालून बाहेर आलेले दिसले. मी वाकून पाहिलं. तो भट्टीतून निघणाऱ्या मूळच्या पाइपाला चंदेरी चिकटपट्टी लावत होता, आणि त्याच्या बाजूला दोन बोटं रुंदीचं एक भोक होतं, तेही बुजवत होता.

"ऑर्लो, ते बुजवू नकोस."

"गळती आहे."

"गळती नाही. ते मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथून गरम हवा पोटात सुटते. तुझ्या पाण्याच्या टाक्या त्यावर जगतात."

"चाळीस वर्षांत मी एक गळती मागे ठेवली नाही."

"ती घरं होती रे! घराला तळघर असतं. याच्याखाली वारा आहे."

तो सरपटत बाहेर आला. मिशीवर बर्फ साचला होता. "मास्तरीणबाई," तो म्हणाला, "तुम्ही कपडे धुवा. पाइपाचं मी बघतो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मग गोठ!" असं म्हणून मी निघून आले. त्याच दिवशी परत जाऊन त्याला बकोटीला धरून समजवायला हवं होतं. नाही गेले. माझाही राग नाकावर असतो.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी पारा शून्याखाली अठरावर गेला. सकाळी ऑर्लो रिकामी किटली घेऊन माझ्या दारात उभा राहिला. नजर माझ्या बुटांवर.

"थोडं पाणी हवं होतं."

"नळाला काय झालं?"

"काही नाही. जरा सावकाश चाललाय."

"किती सावकाश?"

"थांबलाय."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. किटली भरली, केस वाळवायचं यंत्र घेतलं, वायरचं भेंडोळं घेतलं आणि निघाले. दोघं जण शेजारी शेजारी पालथे पडून, टाकीच्या नळीवर गरम हवा मारत अडीच तास ट्रेलरखाली होतो. शेवटी कुठेतरी गुडगुड झाली आणि पाणी सुटलं.

"ते भोक मुद्दाम ठेवलेलं दिसतंय," ऑर्लो म्हणाला.

"दिसतंय खरं."

आमच्याकडे माफी मागायची पद्धत साधारण अशीच आहे. संध्याकाळी त्याने माझ्या दाराशी गव्हाच्या पावाचा तुकडा आणि लोण्याची वाटी ठेवली, दार न वाजवता.

पण भोक उघडलं की पुढच्या खोलीची ऊब निम्मी व्हायची. तेव्हा त्याने पत्र्याची एक छोटी झडप केली, बाहेरून काडीने फिरवता येईल अशी. कडाक्यात ती जास्त उघडायची, एरवी कमी. टाक्यांनाही मिळेल आणि खोलीलाही. मग त्याच्या लक्षात आलं की खोलीचं दार लावलं की आतली गार हवा कोंडते आणि गरम हवेला जागाच उरत नाही. त्याने दार बिजागऱ्यांवरून काढलं, खालून दोन बोटं कापलं आणि परत बसवलं. तीन थर्मामीटर त्याने पहिल्याच दिवशी टांगले होते. भट्टीशी एक, मधे एक, पुढे एक. रोज संध्याकाळी मला हाक मारून आकडे दाखवायचा. पहिल्या दिवशी मागे बहात्तर आणि पुढे पंचेचाळीस. दहाव्या दिवशी मागे एकाहत्तर, पुढे त्रेसष्ट. सतराव्या दिवशी तिन्ही ठिकाणी सत्तर, म्हणजे नुसत्या सदऱ्यावर बसता येईल अशी ऊब, आणि नळाला पाणी. तो त्या तीन काचांकडे पाहत उभा होता आणि त्याचा चेहरा असा उजळला होता की मी पटकन नजर वळवली. कुणाचा एवढा आनंद जवळून पाहायची सवय राहिलेली नाही मला.

थँक्सगिव्हिंगच्या सणाला त्याच्या चिमुकल्या ओव्हनमध्ये टर्की मावेना, म्हणून मी माझ्याकडे भाजून आणली. लेफ्सा, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, मीच लाटल्या. ऑर्लोने इस्त्रीचा सदरा घातला होता आणि पुढच्या पलंगावर नवी चादर घातली होती. बाहेर शून्याखाली बावीस होतं, वारा वेगळा.

जोलीन दोनच्या सुमाराला आली. पन्नाशीला टेकलेली, आर्डिससारखेच रुंद गाल. बापाला तिने मिठी मारली, पण कोट काढला नाही. लेफ्सा नको म्हणाली, परत नको म्हणाली, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर घेतली, रीतीप्रमाणे. जेवताना रस्ता, बर्फ, तिच्या ऑफिसातली बढती, सगळं बोलून झालं. ऑर्लो मधूनमधून पुढच्या खोलीच्या दाराकडे पाहत होता. शेवटी त्याला राहवेना.

"जोलीन, खोली बघ."

तो पुढे, मागोमाग ती, आणि मी दाराशी. तिने आत पाऊल टाकलं आणि थांबली. हळूच वाकून जमिनीतल्या जाळीवर तळहात धरला. बराच वेळ धरला. मग कोटाची बटणं काढली.

"गरम आहे," ती म्हणाली.

"सत्तर!" ऑर्लो म्हणाला. "मागे सत्तर, इथेही सत्तर. दार लावून झोपलीस तरी सत्तर."

"कसं केलंत?"

आणि ऑर्लो बोलायला लागला. एवढं बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. मऊ पाइप कसा मुरडला होता, पत्र्याचा कसा सरळ नेला, झडप कशी, दाराला खालून फट कशाला. हातवारे करून सांगत होता. जोलीन ऐकत होती आणि तिचा चेहरा हळूहळू मिटत चालला होता. मला ते दिसत होतं. त्याला दिसत नव्हतं. मला वाटलं त्याच्या बाहीला धरून ओढावं, पण काय म्हणून ओढणार?

"फार अवघड असेल," ती म्हणाली. ती त्याला सुटायला वाट करून देत होती, असं मला आजही वाटतं. "खूप दिवस लागले असतील."

"छे! सतरा दिवस. त्यातले तीन तर माझ्या चुकीत गेले, ही लाव्हॉन सांगेल. तसं म्हटलं तर आठवड्याचं काम."

"आणि सामान?"

"पत्रा शेडमध्ये पडलेला. हत्यारं माझीच, जुनी."

"हत्यारं कुठे होती?"

"इथेच की. या पलंगाखालच्या खणात."

जोलीनने पलंगाकडे पाहिलं. नव्या चादरीवर हात टेकवला आणि काढून घेतला. "मॉम याच्यावर झोपायची," ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता.

ऑर्लोचे हात हवेतच राहिले. मग खाली आले.

ती परत स्वयंपाकघरात गेली. ताटं धुतली, पुसली, जागच्या जागी लावली. नळ सुरेख चालू होता. मग तिने कोटाची बटणं लावली आणि म्हणाली, "मी मोटेलला जाते, डॅड. सकाळी निघताना कॉफीला येईन."

"पण खोली गरम आहे, जोलीन."

"हो," ती म्हणाली. "गरम आहे. म्हणून तर."

तिने त्याच्या गालावर ओठ टेकवले, माझा हात दाबला आणि गेली. तिच्या गाडीचे लाल दिवे त्या सपाट रस्त्यावर फार लांबपर्यंत दिसत राहिले. मला तिचा राग आला, मग ऑर्लोचा आला, आणि मग कोणाचाच आला नाही. सतरा दिवस मीही ते आकडे बघून टाळ्या वाजवत होते. हेच काम आर्डिस असताना होऊ शकलं असतं, ही गोष्ट माझ्याही डोक्यात आली नव्हती.

ऑर्लो पुढच्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेला बसला होता. तो रडत होता, आवाज न करता, आणि पुसतही नव्हता.

"आठवड्याचं काम," तो म्हणाला. "लाव्हॉन, आठवड्याचंच काम होतं गं."

मी दार लावून घेतलं आणि त्याच्याशेजारी बसले. थोड्या वेळाने उकडायला लागलं, म्हणून मी कोट काढून मांडीवर घेतला.