मोरेकाका गोड दाळीला काहीच बोलले नाहीत

आज बायकोने दाळीत गूळ घातला आणि त्या वासाने मला उचलून थेट बडोद्याच्या विमानतळाशेजारी, हरणीच्या वृद्धाश्रमात नेलं. तिथे मी तेव्हा नर्सचं काम करायचो. मोरेकाका स्वतःचं नावसुद्धा विसरले होते, पण रोज पहिल्या घासाला "ही दाळ आहे की बासुंदी?" अशी डरकाळी फोडत की विमानतळावरची विमानं उडायची थांबत.

एके दुपारी ते मुकाट जेवले. स्वयंपाकी महाराज आनंदाने नाचला. मी मात्र घाबरलो.

"काका, कुठं दुखतंय?"

"मजामा!" म्हणजे एकदम मजेत. बडोद्यात तिरडीवरचा माणूसही हेच सांगेल.

डॉक्टरांनी दुखणं मोजायचा हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता पुढे धरला. "यातला तुमचा चेहरा कोणता?"

काकांनी सगळ्यात रडक्यावर बोट ठेवलं. "हा आमचा जावई."

"साहेब, त्यांनी दाळीला शिव्या दिल्या नाहीत, म्हणजे नक्की दुखतंय," मी हटूनच बसलो. शेवटी तोंड उघडायला लावलं, तर दाढेखाली टोमॅटोएवढी सूज! दाढ काढली आणि चौथ्या दिवशी डरकाळी परतली. आम्ही टाळ्या वाजवल्या, महाराज रडला.

हे आठवत मी गप्प जेवत होतो. बायकोचा हात थांबला. "अहो, आज दाळीला नावं नाही ठेवलीत? कुठं दुखतंय?"

"मजामा," मी म्हणालो.

ती तडक डॉक्टरांना फोन लावायला उठली.