जुव्यावरच्या तारा

मिठाच्या सत्याग्रहाला दोनेक वर्षं झाली असतील. मी मुंबईच्या एका गिरणीत वायरमन होतो. दिवाळीनंतरच्या तुफानानं रत्नागिरीकडच्या एका खाडीतलं जुवं, म्हणजे चारी बाजूंनी पाणी असलेलं लहानसं बेट, पार झोडपून काढलं. तिथल्या एका गलबतवाल्या शेठनं तेलाचं इंजिन आणि डायनामो बसवून आपलं घर, मशीद आणि शेजारची दहा-बारा घरं उजळली होती. शेठ स्वतः रंगूनला असत. खांब आडवे झाले होते, तारा तुटल्या होत्या. ते सगळं पुन्हा उभं करायला शेठच्या मुंबईतल्या माणसांनी मला धाडलं.

मचव्यातून उतरलो तेव्हा धक्क्यावर माणसं होती. शेठचे कारभारी तेवढे पुढे आले. चालता चालताच त्यांनी मला सांगून ठेवलं, की इथं कुणावर विसंबू नका, पडलेल्या तारा दोन दिवसांत गायब केल्यात यांनी. तुफानात माणसं किती गेली, असं मी विचारलं. एकच, म्हणाले. गलबत हाकणाऱ्या म्हाताऱ्या तांडेलाचा मुलगा, डोक्यावर माड पडून.

मी कामाला लागलो. दिवसभर तार ओढायची आणि सकाळी येऊन पाहावं तर दोन खांबांमधली कापलेली. असं तीनदा झालं. तांडेल रोज समोरच्या दगडी गडग्यावर बसून माझ्या हातांकडे बघत असायचा. माझा संशय त्याच्यावरच बसला. पक्कड, स्क्रू सगळं मी मोजून पिशवीत ठेवू लागलो. कुणी पाणी आणून दिलं तरी तांब्याआधी माणसाचा चेहरा निरखायचो.

शुक्रवारी दुपारी सगळे नमाजाला गेले होते. विसरलेली पक्कड आणायला मी परत फिरलो, तर तांडेल शिडीवर उभा. हातात कोयता. मला बघून तो पळाला नाही. सावकाश उतरला आणि मला घरी घेऊन गेला. पडवीत माझ्या तारांची नीट वळी करून ठेवलेली होती. तुफानात पडलेल्या आधीच्याही होत्या. एक वीतभरही कुठं विकली नव्हती. आतल्या दाराशी त्याची विधवा सून उभी होती.

"मिस्त्री, माझ्या पोरावर माड नाय पडला," तांडेल म्हणाला. "तिन्हीसांजेला होडी बांधायला गेला, वाटेत तुटलेली तार होती. त्या तुफानात यंतर चालू कोनी ठेवलान?"

माझा विश्वास बसेना. तार तुटून ओल्या जमिनीवर पडली तर फ्यूज वितळून वीज बंद पडायला हवी होती. मी कारभाऱ्यांकडे इंजिनघरातल्या फ्यूजच्या कपाटाची किल्ली मागितली. आतलं सगळं ठीक आहे, ते उघडायची गरज नाही, असं म्हणून त्यांनी टाळलं. मी हटून बसलो. शेवटी कपाट उघडलं, तर फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार गुंडाळलेली होती. ती कधीच वितळली नसती. इतके दिवस मी तारा कापणाऱ्याच्या मागावर होतो आणि खरा गुन्हा इथं होता, याची मला लाज वाटली.

कारभारी म्हणाले, "तुम्ही तारा ओढायला आलात. पंचायत करायला नाही."

इंजिन मी चालू करणार नाही, एवढंच मी सांगितलं. दोन दिवस काम बंद राहिलं. तिसऱ्या दिवशी कारभारी मशिदीपुढच्या अंगणात आले. तांडेल होता, गावही होता. मान खाली घालून त्यांनी सांगितलं, "शेठच्या घरात पाहुणे होते. फ्यूज वितळून दिवे सारखे जात होते. काळोख कसा करू, म्हणून मीच ती तार बांधली."

कुणी त्यांच्या अंगावर धावून गेलं नाही. तांडेलानं फक्त एक मागितलं. वीज बंद करायचा एक खटका धक्क्यापाशी हवा, आणि तो गावाच्या हातात. मी तो बसवून दिला, फ्यूजही नीट घातला. पडवीतल्या तारा त्यानं स्वतः आणून दिल्या. खाली उभा राहून मला एकेक वळं वर देत होता.

दिवे लागले त्या संध्याकाळी तो खटक्यावर हात ठेवूनच उभा होता. वारा साधाच होता. तरी प्रत्येक झुळकेला तो तारांकडे बघायचा, मग माझ्याकडे. ती नजर निवळलेली नव्हती, आणि मला त्याचा राग आला नाही. त्याच्या घरात मात्र सुनेनं तार घेऊ दिली नाही.