निळ्या गाडीतले टाके

आर्डिस मावशीची शिवणकामाची जागा म्हणजे निळ्या ब्युइक गाडीतली, चालकाशेजारची उजवीकडची सीट. घरी सुई हातात घेतली की दर पाच मिनिटांनी उठावे लागते, ही तिची जुनी तक्रार होती. फोन, ओव्हन, कोंबड्या, आणि निवृत्त झाल्यापासून व्हर्लिन काका. चालत्या गाडीतून मात्र तिला कोणी उठवू शकत नसे. दर गुरुवारी काकांच्या थोरल्या भावाला, ओर्विलला, भेटायला दोघे कार्नीच्या वृद्धाश्रमात जात. दीड तास जायला, दीड तास यायला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कापडाचे कापलेले तुकडे, सुया, अंगुस्तान आणि छोटी कात्री असे. गावातले धान्याचे कोठार मागे पडण्याआधीच तिची मान खाली जाई, ती कार्नीच्या पाण्याच्या टाकीपाशीच वर येई.

हायस्कूल संपवून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाला आमचे चर्च मे महिन्यात एक गोधडी देते. माझी ओमाहातल्या माझ्या पलंगावर अजून आहे. बायका आपापल्या वाटणीचे चौकोन तुकड्यातुकड्यांनी जोडून आणतात आणि मंगळवारी चर्चच्या तळघरात ते एकत्र शिवले जातात. मावशीकडे दरवर्षी बारा चौकोन असत, एकेका चौकोनात सोळा शिवणी. इंचाला दहा टाके हा तिचा हिशेब होता आणि तो तिने कधी चुकू दिला नव्हता.

त्या हिवाळ्यात तो चुकू लागला. टाका कधी लांब पडे, कधी तिरका. एकदा तर तिने चौकोन स्वतःच्या पँटला शिवून टाकला आणि वृद्धाश्रमाच्या दारात उतरताना तो मांडीला लोंबकळत राहिला. तिने सुया बदलल्या, दोरा बदलला, चष्मा दोनदा बदलला. येताना जाताना उसवण्यातच वेळ जाऊ लागला.

“रस्ता खराब झालाय,” ती म्हणे.

“रस्ता तोच आहे,” काका म्हणत. “हात म्हातारे झाले तुझे, आर्डिस. माझे बघ. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. एका पोराच्या डब्यातलं दूध सांडलं नाही.”

हे खरे होते. त्या बसमध्ये मी बारा वर्षे बसले होते आणि बर्फातसुद्धा गृहपाठ करू शकले होते.  मावशी सुई आणखी घट्ट धरी, आणि घट्ट धरलेल्या सुईने टाका आणखीच बिघडे.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी तळघरात जोडायला ठेवलेल्या चौकोनांमध्ये तिला आपला चौकोन दिसला. तिने तो उलटा केला. शिवणीच्या सुरुवातीला गाठ होती. मावशी कधी गाठ मारत नसे. जागच्या जागी दोन टाके घेऊन दोरा पक्का करायचा, ही तिच्या आईची रीत होती.

“ट्वायला, हा कोणी शिवला?” तिने विचारले. गोधड्या शिवणाऱ्या मंडळाच्या प्रमुख ट्वायलाबाई आणि मावशी शाळेपासूनच्या मैत्रिणी.

“तूच की. टाचलेल्या चिठ्ठीवर नाव आहे तुझं.”

“नाव माझंय. गाठ कोणाची?”

कोणीतरी घाईने म्हणाले, “आर्डिस, कॉफी घेतेस का? रुबार्बचा केक आहे.”

“मला केक नको. मला कळू दे, कधीपासून चाललंय हे?”

ट्वायलाबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “नाताळपासून. अगं, हुल्दाची शिवण ती घरी गेल्यावर उसवून पुन्हा कोण घालायचं? तू आणि मी. तूच म्हणायचीस, तिला कळता कामा नये.”

“हुल्दा नव्वदीची होती!”

“आणि तिलाही राग आला असता, कळलं असतं तर.”

मावशीने बाराही चौकोन गोळा केले, डब्यात कोंबले आणि कोट न घालताच बाहेर पडली. घरी आल्यावर तिने फोनचा रिसीव्हर बाजूला काढून ठेवला, काकांना घरामागच्या कोठारात पिटाळले आणि स्वयंपाकघराच्या टेबलापाशी बसून एक शिवण घातली. पट्टी लावून मोजली. इंचाला दहा. उसवून पुन्हा घातली. पुन्हा दहाच. मग ती डबा घेऊन शेडमध्ये उभ्या असलेल्या ब्युइकमध्ये, आपल्या सीटवर जाऊन बसली. थंडीने बोटे आखडली होती, तरी दहाच.

“बरं वाटायला हवं होतं,” तिने मला नंतर सांगितले. “पण मला इतका संताप आला, की मी तो डबा डॅशबोर्डवर आपटला.”

त्या गुरुवारी तिने सुई हातात घेतली पण मान खाली घातली नाही. चाळीस वर्षं काकांशेजारी बसून तिने रस्ता असा कधी पाहिलाच नव्हता. चौकातली ‘थांबा’ लिहिलेली पाटी जवळ येत होती आणि काका वेग कमी करत नव्हते. मग एकदम ब्रेक. पुढे गाडी हळूहळू उजवीकडे सरकली, रस्त्याच्या कडेला इशाऱ्यासाठी कोरलेल्या खाचांवर चाके खडखडली आणि काकांनी झटका देऊन ती आत घेतली.

“हे काय होतं?”

“वारा,” काका म्हणाले.

झाडाची एक फांदीही हलत नव्हती.

 घरी पोचल्यावर भांडण झाले, आणि ते तीन आठवडे पुरले. काकांनी एकतीस वर्षे काढली, बसखात्याचे प्रशस्तिपत्र काढले, एकदा तर मावशीने १९७४ साली फाटकाला धडकवलेला ट्रॅक्टरही काढला. डोळे तपासायला ते तयार होईनात. “तुझे टाके वाकडे पडतात, म्हणून मी चष्मा लावू?” शेवटी मावशीने किल्ल्या पिठाच्या डब्यात लपवल्या. लपवल्या तेव्हा तिच्या लक्षात आले की आता गाडी तिलाच चालवावी लागणार, म्हणजे तिची सीट गेली, आठवड्याचे तीन तासही गेले. त्याचा राग तिने काकांवर काढला नाही. पिठाच्या डब्याचे झाकण मात्र तिने इतक्या जोराने दाबले, की ते नंतर माझ्याकडूनच उघडले.

मार्चमध्ये मी गावी गेले होते आणि त्या गुरुवारी मागच्या सीटवर बसले. मावशी स्टिअरिंगवर, काका उजवीकडे, त्यांच्या मांडीवर बिस्किटांचा डबा.

“पुढे ट्रक आहे,” काका म्हणाले.

“दिसतोय.”

“इतकं हळू? ओर्विल वाट बघून मरायचा.”

“व्हर्लिन, हात रिकामे आहेत तर कामाला लाव. सहा सुया ओवून ठेव. तिथे पोचल्यावर मला लागतील.”

“सुया? मी?”

“एकतीस वर्षं बस चालवलीस. सुई काय मोठी गोष्ट.”

काकांनी तुच्छतेने एक सुई उपसली. दोरा ओलावून पुढे केला. तो नेढ्याच्या बाजूने गेला. पुन्हा केला. सुई खिडकीकडे धरली, मग दूर, मग नाकाजवळ. गाडी संथ चालली होती, त्यामुळे दोष द्यायला काही नव्हते. दोन गावे गेली. मी हात पुढे करणार होते, पण आरशातून मावशीने माझ्याकडे असे पाहिले की मी तो मागे घेतला. तिसऱ्या गावापाशी काकांनी सुई होती तशी परत टोचून ठेवली, डब्याचे झाकण लावले आणि त्यावर दोन्ही हात ठेवून बसले. त्यानंतर ट्रक आले, चौक आले. ते एकदाही बोलले नाहीत.

वृद्धाश्रमाच्या आवारात गाडी थांबली. मावशीने त्यांच्या मांडीवरचा डबा उचलला.

“तुम्ही व्हा पुढे.”

“तू?” काकांनी विचारले.

“मला दहा मिनिटं लागतील.”

काका उतरले. दारापर्यंत जाऊन ते वळले आणि परत खिडकीशी आले. “सोमवारची वेळ घे डोळ्यांच्या डॉक्टरची,” ते काचेतून म्हणाले, जणू तिच्याच डोळ्यांचे ते बोलत होते.

“घेतलीय,” मावशी मान वर न करता म्हणाली. तिने पहिले दोन टाके जागच्या जागी घेतले होते. स्टिअरिंग व्हील पोटाला लागत होते, कोपर दाराला अडत होते. दहा मिनिटांत एक शिवण होते. हातातला सोडून अकरा चौकोन पुन्हा शिवायचे होते, आणि मे महिन्यातला गोधड्या द्यायचा दिवस दहा गुरुवारांवर आला होता.