मुरलीधररावांचे राजे

लीड्सच्या सुहासिनीताई नवऱ्याचं नाव वर्षातून एकदाच घ्यायच्या, तेही कुठल्या ना कुठल्या राजाच्या सोबतीने. एरवी सगळं ‘अहो’वर भागायचं.

डॉक्टर मुरलीधर हॉस्पिटलात भूल द्यायचे. आठवडाभर औषधाने आणि रविवारी गोष्टींनी, असं ताई म्हणत. इथल्या, म्हणजे इंग्लंडच्या राजाराण्यांचं त्यांना भारी वेड. कोण कधी गादीवर आला, कुणी कुणाचा काटा काढला, सगळं तोंडपाठ. लेस्टरला कार पार्कखाली तिसऱ्या रिचर्डची हाडं सापडली, तेव्हा हरवलेला काका सापडावा तसे ते हरखले. दुसऱ्याच शनिवारी दोघं तिथे जाऊन गाडीत बसून गार थालीपीठ खाऊन आले. ताई कुरकुरायच्या, पण कान देऊन ऐकायच्या. कारण जानेवारीत तिथल्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू असे आणि तिथे उखाणा घ्यावा लागे.

“आठव्या हेन्रीच्या राण्या होत्या सहा, मुरलीधररावांना लागतो माझ्याच हातचा चहा.” हा पहिला. मग दर संक्रांतीला नवा राजा. बायका त्यासाठी खोळंबून बसायच्या. डॉक्टर बाहेर गाडीत फ्लास्क घेऊन थांबायचे आणि ताईंनी दार उघडलं की विचारायचे, “आज कुणाची पाळी?” काय सुखाचे दिवस होते ते.

डॉक्टर गेले त्याला दोन वर्षं झाली. त्यांचं नाव आता फक्त बँकेच्या पत्रांत येतं, आणि ताईंना ते सोसत नाही. पहिल्या संक्रांतीला त्या गेल्याच नाहीत. यंदा मंडळाच्या शिल्पाने फोन करून गळ घातली, तेव्हा काळी चंद्रकळा नेसून, स्वतः गाडी चालवत गेल्या. आठवडाभर घोकलेला उखाणा तयार होता. नवरा गेल्यावर व्हिक्टोरिया चाळीस वर्षं काळ्याच कपड्यांत राहिली, हे डॉक्टरांनीच एकदा विंडसरचा राजवाडा बघताना सांगितलं होतं.

हॉलमध्ये उखाणे एकेक करत पुढे सरकत आले. ताईंच्या डावीकडच्या तनयाने फोनमध्ये बघून एक वाचला. मग शिल्पाने ताईंचा खांदा हलकेच दाबला आणि हळदीकुंकवाचा करंडा घेऊन ती उजवीकडच्या आशाकडे वळली. मनात वाईट काही नव्हतं. विधवेला दुखवायचं नाही, एवढंच. असल्या चांगुलपणाचा माणसाला जास्त राग येतो.

“शिल्पा, माझं राहिलं,” ताई म्हणाल्या.

शिल्पा गोंधळली. “काकू, आर यू शुअर? तुम्हाला त्रास होईल.”

“नाव न घेतल्याचा होतोय.”

ताईंनी पदर सावरला.

“व्हिक्टोरिया राणीने चाळीस वर्षं काळा रंग नाही सोडला, मुरलीधररावांचं नाव घ्यायचा नेम मीही नाही मोडला.”

शिल्पा मागे फिरली आणि तिने ताईंना हळद लावली, कुंकू लावलं. दोघींचेही डोळे भरून आले होते. ताईंनी तिळगूळ खाल्ला, वाण घेतलं, सगळ्यांचा निरोप घेतला.

बाहेर चांगलाच गारठा होता. ताई गाडीपाशी आल्या आणि इतक्या वर्षांच्या सवयीने डावीकडचं दार उघडून वाकल्या. पलीकडची स्टिअरिंगमागची सीट रिकामी होती.

“आज व्हिक्टोरिया, अहो,” त्यांनी सांगितलं. मग दार लावलं आणि गाडीला वळसा घालून त्या सीटवर जाऊन बसल्या.