मावशीने राखलेली खुर्ची

सुनंदामावशी गेल्याचं कळलं तेव्हा मी सिंगापुरात पाया लेबारच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये होतो. फोन तिच्या शेजारच्या चिनी बाईंचा. "आंटी गॉन ऑलरेडी. झोपेतच," एवढंच त्या म्हणाल्या... लिफ्ट माझ्या मजल्यावर थांबली, मी तसाच उभा राहिलो आणि पुन्हा तळमजल्याला आलो. पाठीवर लॅपटॉपची बॅग होती आणि तिच्या मागच्या कप्प्यात मावशीने सातारच्या मामाला पाठवायला दिलेलं पाकीट. आठ महिन्यांपूर्वी दिलेलं.

पाकिटाचं सांगायचं तर आधी खुर्चीचं सांगायला हवं. मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. संशोधनासाठी इथल्या विद्यापीठात आली ती राहिलीच. मी नोकरीसाठी सिंगापूरला आलो, तेव्हा पहिल्याच रविवारी तिने मला बुकित पंजांगला तिच्या घराखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या ठेल्यांच्या मंडईत, जेवायला नेलं. तोबा गर्दी. एका रिकाम्या टेबलावर कुणीतरी टिश्यूचं पाकीट विसरलेलं दिसलं. मी सज्जनपणे ते उचललं, टेबलं पुसणाऱ्या आजोबांच्या हवाली केलं आणि ऐसपैस बसलो. पाचच मिनिटांत नूडल्सचे वाडगे घेऊन एक अख्खं कुटुंब माझ्यासमोर उभं. "अरे शहाण्या, ती विसरलेली वस्तू नाही, धरलेली जागा आहे," मावशी म्हणाली. "इथे त्याला चोप करणं म्हणतात. तू एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकायचास ना, तेच." पुढची पंधरा वर्षं प्रत्येक नव्या पाहुण्याला तिने ही गोष्ट सांगितली, दर वेळी त्या कुटुंबात एक माणूस वाढवून.

तिच्या अभ्यासाचा विषय थिऑसफी. सगळ्या धर्मांचं मूळ एकच, आणि कुठेतरी हिमालयापलीकडे अदृश्य महात्मे जगाची काळजी वाहत बसलेत, असं सांगणारा हा गोऱ्यांचा पंथ आगबोटींबरोबर आशियाच्या बंदराबंदरांत कसा उतरला, हे ती शोधत असे. "साहेब व्याख्यान देऊन पुढच्या बोटीने निघून जायचा," ती म्हणे, "मागे पंथ चालवायचे ते कारकून, तारमास्तर आणि शाळामास्तर." त्या कारकुनांपैकी एक तिचे पणजोबा होते, विष्णुपंत. त्यांनी सिंगापुराहून घरी पत्र लिहिलं, की रविवारी सभेला जातो, पंथ काढणाऱ्या मडमेचं पुस्तक वाचतो, चिनी-तमिळ सगळ्यांबरोबर बसून चहा घेतो. साताऱ्यात निष्कर्ष निघाला, बाटला. म्हणून आजही आमच्या आजोळी सर्वपित्रीला तर्पणाची दोनच नावं घेतात. बाप, आजोबा... तिसऱ्या, पणजोबांच्या नावाला मामा नुसतंच पाणी सोडतो. गप्प राहून.

मावशीला ते तिसरं नाव हवं होतं. "मी देव मानत नाही," ती म्हणायची, "पण आमचा दादा, तुझा मामा, मानतो. त्याच्या तोंडून येऊ दे." पणजोबा बाटले नव्हते याचा पुरावा हवा, म्हणून तिने रविवारमागून रविवार मला वाचनालयात पंथाचे जुने अहवाल चाळायला बसवलं. माझी लायकी पानं उलटण्यापुरती, आणि त्यातही मी दोनदा झोपलो. शेवटी गेल्या वर्षी नाव सापडलं. एका सभेच्या अहवालात, अगदी तळाला. मावशीला वाटत होतं पणजोबांनी भाषण केलं असेल. छापलं होतं ते असं, की गीतेच्या इंग्रजी वाचनवर्गाचे सभासद श्री. विष्णुपंत यांचे खुर्च्या मांडल्याबद्दल आभार. मावशी इतकी हसली की वाचनालयातल्या बाई उठून आल्या. मग डोळे पुसत म्हणाली, "सातासमुद्रापार येऊन माणूस गीता वाचायला लागला, तीही इंग्रजीत... आणि घरच्यांनी त्याला बाटगा ठरवलं."

त्या दिवसापासून हॉकर सेंटरमध्ये ती एक खुर्ची जास्त धरायची. टिश्यूचं पाकीट ठेवून. "त्यांनी सगळ्यांसाठी मांडल्या, त्यांच्यासाठी एक नको?" इथेच वाढलेली माझी मुलगी तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणायची, "बाबा, आजी घोस्टसाठी चोप करतेय, ला." मावशी म्हणे, "घोस्ट नाही गं, कारकून."

अहवालाची प्रत तिने पाकिटात घालून मला दिली. "तू पाठव. माझं अक्षर दिसलं तर दादा उघडायचा नाही." बहीणभाऊ याच विषयावरून चार वर्षं अबोल होते. आणि मी... आज कुरिअर करू, उद्या करू. आठ महिने ते पाकीट माझ्या पाठीवरून रोज पाया लेबारला जाऊन जुरोंग ईस्टला घरी परत येत होतं.

अंत्यसंस्कारांनंतर दुसऱ्याच दिवशी पाठवलं, उशीर माझ्यामुळे झाल्याच्या चिठ्ठीसह. आठवड्याने मामाचा फोन आला. हा मामा चाळीस वर्षं गावातल्या व्याख्यानमालेचा कार्यकर्ता. त्याने व्यासपीठावर कधी पाय ठेवला नाही.

"खुर्च्या मांडायचे?" त्याने विचारलं.

"हो मामा."

 मग म्हणाला, "मी तरी आयुष्यभर दुसरं काय केलं रे..." आणि लगेच, "सर्वपित्रीला तिसरं नाव घेतो. सुनंदाचंही घेतो. तू मात्र गाढव आहेस."

ते मी मान्य केलं. मावशीनेही हेच म्हटलं असतं, फक्त हसत.

परवा रविवारी आम्ही बुकित पंजांगला गेलो. मी सवयीने शेजारच्या खुर्चीवर टिश्यूचं पाकीट ठेवलं. मुलीने तिच्या पर्समधून दुसरं काढलं आणि त्यापुढच्या खुर्चीवर ठेवलं. ट्रे घेतलेल्या एका काकांनी विचारलं, इथे कुणी आहे का?

"आहेत," मी म्हटलं. "दोघं आहेत."